संदर्भसूचीतील उशी

…आणि वर तो संगणक मलाच विचारतो, कशावरून! मला! जिने उभी हयात फळ्याशी उभं राहून दुसऱ्यांना विचारलं, 'कशावरून?', तिला! नाही, तुम्हीच सांगा, हा काय न्याय झाला? माझ्या वर्गात कुणी म्हणालं, "बाई, आज पाऊस येणार," की मी विचारायचे, कशावरून? कुणी म्हणालं, "बाई, माझं पोट दुखतंय," कशावरून? एकदा तर मुख्याध्यापक स्वतः दारात येऊन म्हणाले, "बाई, तास संपला," आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "कशावरून?"… ते बिचारे घंटेकडे बोट दाखवत उभे! मुलांनी माझं नाव 'कशावरूनबाई' पाडलं होतं. मला ठाऊक होतं, आणि तुम्हाला सांगते, मनातून मला त्याचा अभिमान होता. आणि आता या वयात मी एक साधं, सरळ, निर्दोष वाक्य लिहावं, त्या वाक्याच्या शेपटाशी पडद्यावर एक लहानशी रिकामी चौकट उघडावी, आणि तिच्यात ती उभी रेघ मिचमिचत राहावी… मिच… मिच… म्हणजे, कशावरून, बाई? कशावरून?

आता मुळापासून सांगते. लोक निवृत्त झाले की दुपारचे झोपतात. मला ते मान्य नाही. शिक्षिका दुपारी झोपत नाही. फार तर ती खुर्चीत टेकून, डोळे मिटून चिंतन करते. आमच्या ह्यांचं तसं नाही. हे दंतवैद्य, आता दवाखाना बंद करून घरी बसलेले, आणि जेवण झालं की आरामखुर्चीत जी मान टाकतात ती थेट चहापर्यंत! पण कबूल करतील? नाव नको! "अहो, झोपलात का?" असं विचारलं, की डोळे न उघडता उत्तर येतं, "छे! डोळे मिटून पडलोय." लग्न झाल्यापासून हा माणूस एकदाही झोपलेला नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. मी 'कशावरून' म्हणायचं सोडून दिलं. घोरण्याला काय कशावरून विचारायचं!

तर अशा घरात मी विद्यापीठात नाव घातलं. संशोधनासाठी. विषय माझा मीच निवडला, 'शालेय निबंधांतील शेवटचे वाक्य'. हसू नका! तुम्ही निबंध तपासलेले नाहीत म्हणून हसताय. मुलगा नदीवर निबंध लिहितो, नदी डोंगरातून निघते, वळणं घेते, शेतांना पाणी पाजते, होड्या खेळवते, वाचता वाचता माझ्यासारखीचाही हात तांबड्या पेनावरून सुटतो, आणि शेवटी एकदम: 'म्हणून आपण रोज दात घासावेत.' का? नदीचा आणि दातांचा संबंध काय? ह्यांना ते वाक्य दाखवलं तर म्हणाले, "याला पैकीच्या पैकी दे." तो भाग वेगळा. पण सगळ्या निबंधांचं हेच! पाळीव कुत्रा, माझी खोली, मी ढग झालो तर… आणि शेवटी दात, नाहीतर वडिलांची आज्ञा, नाहीतर वेळेचं महत्त्व. असं का होतं? जन्मभर मी ती वाक्यं तांबड्या रेघेने खोडत आले, आता म्हटलं, खोडण्यापूर्वी एकदा विचारून तरी पाहू या, की बाबा रे, तू इथे आलास कुठून?

माझ्या मार्गदर्शिका वयाने आमच्या सुनेहून लहान. केसांच्या अंबाड्यात पेन खोचलेलं, आणि ते तिथे आहे हे विसरून त्या सदैव पेन शोधत असतात. पण विद्यार्थिनी मी आणि गुरू त्या, तेव्हा मी त्यांना 'तुम्ही'च म्हणते. रीत म्हणजे रीत. त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "मॅडम, संदर्भ हाताने उतरवत बसू नका हं. सॉफ्टवेअर वापरा." मी म्हटलं, "माझं अक्षर उत्तम आहे." त्या म्हणाल्या, "अक्षराचा प्रश्नच नाही, मॅडम." तुम्हाला सांगते, अक्षराचा प्रश्नच नाही, हे वाक्य मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

घरी येऊन सुनेला सांगितलं. तिने टकटक करून ते माझ्या संगणकात बसवून दिलं. "आई, सोप्पं आहे. तुम्ही लेख वाचताय ना, तर वर कोपऱ्यात हे बारीकसं चित्र दिसतं, ते दाबायचं. की लेखकाचं नाव, वर्ष, प्रकाशक, पानं, सगळं आपोआप उचलून ते भांडारात ठेवतं. मग लिहिताना वाक्यापाशी या, एक चौकट उघडेल, तिच्यात भांडारातला हवा तो संदर्भ निवडा, चिकटला! आणि शेवटी एक कळ दाबली की अख्खी सूची तयार."

"बिनचूक?"

"बिनचूक."

"कशावरून?"

"आई, दाबून बघा ना!"

दाबली. आता काय सांगू तुम्हाला… मी जमवलेले सगळे विद्वान पडद्यावर एका रांगेत उभे राहिले. सून म्हणाली, "ही सूची मांडायची एक पद्धत. आता दुसरी बघा," आणि तिने काहीतरी निवडलं मात्र, तळ्यावर बसलेली बगळ्यांची रांग कुणी टाळी न वाजवता उठावी, हवेत एक गिरकी घ्यावी आणि पुन्हा पाण्यावर उतरावी, पण वेगळ्याच क्रमाने… तशी ती नावं हलली, वर्षं मागची पुढे आली, स्वल्पविराम आपापल्या जागा शोधत गेले आणि सगळं पुन्हा निवांत! आवाज नाही, धक्काबुक्की नाही, 'बाई, हा मला ढकलतोय' नाही! मी आयुष्यभर प्रार्थनेला जी रांग लावू पाहत होते ना, ती ही! मी सुनेला म्हटलं, "पुन्हा कर." तिने पुन्हा केली. "पुन्हा." शेवटी ती कंटाळून स्वयंपाकघरात गेली आणि मी एकटी ते बगळे उठवत बसले.

त्या दिवसापासून मला लागीर झालं. दुपारी खिडकीचा पडदा फुगायचा, पारवे गुरगुरायचे, हे शेजारी डोळे मिटून पडलेले असायचे, आणि मी एकेक लेख टिपून भांडारात सोडायचे, टप्… टप्… हौदात थेंब पडल्यासारखे. आणि मग काय व्हायला लागलं, की संगणक मिटला तरी चौकटी मिटेनात. चादरीची घडी घालावी तर घडीच्या टोकाशी लहानशी चौकट: कशावरून? सासूबाईंवरून. दूध उतू जाण्याच्या नेमकं आधी माझी मान वळते, ती माझ्या आईवरून. राग आला की मी आवाज चढवण्याऐवजी उतरवते, मुलं त्यालाच जास्त घाबरतात, ते माझ्या पहिल्या मुख्याध्यापिकांवरून. हसताना तोंडावर हात, शेजारणीवरून. बसल्या जागी मी माझी अख्खी उतरत गेले… जो तो आपापलं नाव सांगून आपली वस्तू घेऊन जातोय, आणि मी आपली प्रत्येकाला 'बरोबर, बरोबर' म्हणत वाट देतेय, आणि शेवटी खुर्चीत काही उरेचना! आणि तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की देवा, एक वाक्य. फार नको. पण ज्याच्या शेपटाशी चौकट उघडली तर मला ताठ मानेने म्हणता येईल, माझ्यावरून… असं एक तरी वाक्य या प्रबंधात माझं असू दे.

आता उशी.

त्याच सुमारास ह्यांची मान धरली. न झोपणाऱ्या माणसाची मान कशी धरते, हा प्रश्न मी विचारला नाही. सुनेने माझ्याच संगणकावर उशा पाहायला घेतल्या, आणि मध्येच ती दाराशी कुणी आलं म्हणून उठली, आणि मी माझा लेख समजून वरचं ते चित्र दाबलं. टप्! भांडारात नवी नोंद. लेखक: उशा बनवणारी कंपनी. शीर्षक: मानेला आधार देणारी, अर्धचंद्राकृती उशी, धुता येणारे आवरण. पुढे वर्ष, पुढे पत्ता. आणि ती बसली कुठे, तर एका थोर बालमानसशास्त्रज्ञाच्या आणि एका भाषातज्ज्ञाच्या मधोमध! त्या दोघांचं आपसांत कधीच पटलेलं नाही, जन्मभर एकमेकांचे लेख खोडले त्यांनी, आणि आता मध्ये उशी.

"अय्या आई, काढून टाका ती!" सून हसून लोळायची बाकी.

"राहू दे," मी म्हटलं. "नोंद इतकी परिपूर्ण आहे की अर्ध्या विद्वानांनी धडा घ्यावा. त्यांची वर्षं सापडत नाहीत, हिचं आवरण धुता येतं हेसुद्धा नोंदलेलं आहे."

यथावकाश खरी उशी घरी आली. ह्यांच्या मानेखाली बसली. हे चहाला उठले की रिकामी पडायची, तेव्हा मी ती माझ्या पाठीशी घ्यायचे, चिंतनासाठी. बस्स. एवढंच.

आणि एका दुपारी… नीट ऐका, इथे सगळं आहे… निबंधांत माझी गाडी रुतली होती. 'असं का' याचं उत्तर सापडेना. खिडकीत ऊन असं पडलं होतं की धूळसुद्धा शिस्तीत तरंगत होती. नळाचा थेंब थांबला होता. आणि शेजारच्या खुर्चीतून ह्यांचा आवाज आला, दवाखान्यातला, मऊ, लांबून आल्यासारखा: "आ करा… आणखी… शेवटचं वाक्य हे दार असतं… मुलं आधी दार बघून ठेवतात… मग खोलीत शिरतात… थुंका."

मी ताडकन् उठले! अहो, दार! मुलाला नदीची भीती वाटते हो, नदी म्हणजे केवढी, कुठे नेईल काय सांगावं! म्हणून तो आधी बाहेर पडायची जागा पक्की करून ठेवतो, दात घासावेत, आज्ञा पाळावी, असलं काहीतरी, जिथे कुणी रागावणार नाही, आणि ते दार पाठीशी ठेवून मग तो मनसोक्त नदीत उतरतो! जेवढं दार भक्कम तेवढा तो आत दूर जातो. आणि मी? मी ती दारं खोडत होते… असो.

मुख्य प्रकरण आठवड्याभरात लिहून झालं. मार्गदर्शिकांनी वाचलं, अंबाड्यातलं पेन त्यांना चक्क सापडलं, आणि त्या वाक्याखाली रेघ मारून त्या म्हणाल्या, "मॅडम, हेच तुमचं संशोधन! बाकी सगळं ह्या वाक्याभोवती. याला संदर्भ नाही… म्हणजे मूळ विधान तुमचं ना?"

तुम्हाला सांगते, नुसतं 'हो' म्हणायचं होतं. जिभेच्या टोकावर होतं. मागितलेलं एक वाक्य समोर ताटात वाढून ठेवलेलं! पण इतकी वर्षं जी 'कशावरून' म्हणत आली, ती दुसऱ्याच्या तोंडचं वाक्य आपलं म्हणून कसं घेणार? मी म्हटलं, "नाही. आमच्या ह्यांचं आहे. झोपेत म्हणाले."

"मग व्यक्तिगत संवाद म्हणून दाखवू. कधी म्हणाले, आणि त्यांची संमती."

संमती! मी घरी आले आणि विचारलं. "अहो, ते दाराचं वाक्य तुम्ही झोपेत म्हणालात ना?"

"मी झोपतच नाही."

"बरं, जागेपणी म्हणालात?"

"जागेपणी म्हणालो असतो तर मला आठवलं असतं."

"म्हणजे झोपेत!"

"छे! डोळे मिटून पडलो होतो."

झालं का? म्हणजे माणूस जागा होता आणि त्याने म्हटलं नाही, आणि झोपला असता तर म्हटलं असतं पण तो झोपला नाही! मार्गदर्शिकांना कळवलं. त्या म्हणाल्या, "मग मॅडम, सरळ तुमचंच धरा." मी म्हटलं, "कशावरून?" त्या म्हणाल्या, की आधार नक्की करा, नाहीतर ते प्रकरण काढावं लागेल. आणि ते काढलं तर उरतो तो प्रबंध नव्हे, नुसता निबंधांचा गठ्ठा.

तेवढ्यात ह्यांच्या कानावर गेलं की वाक्य फार मोलाचं ठरलंय. झालं, स्वारी बदलली! "तसं ते माझ्या बोलण्यासारखंच वाटतं. सूचीत माझं नाव कुठल्या अक्षरापाशी येईल?"

"सूचीत येत नाही. व्यक्तिगत संवाद फक्त मजकुरात दाखवतात."

"का म्हणून?"

"वाचकाला तो आधार शोधून पडताळता आला पाहिजे. तुम्ही काय ग्रंथालयात मिळणार आहात?"

"ग्रंथालयात कशाला? मी इथे खुर्चीत असतो की! पडताळा म्हणावं!" आणि तुम्हाला सांगते, त्या दिवसापासून दुपारी घराचं दार सताड उघडं! वाचक यावेत म्हणून! विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला ह्यांनी विचारलं, "संदर्भ पडताळायला आलात का?" तो म्हणाला, "नाही, आकडा टिपायला." हे म्हणाले, "मग बसा, पान क्रमांक सांगतो." मी कपाळावर हात मारला. "अहो, मग झोपला होतात एवढं एकदा कबूल करा, तुमचं नाव निदान मजकुरात तरी घालते!"

"झोपलो नव्हतो. तेवढं सोडून काय हवं ते लिही."

प्रबंध द्यायची मुदत जवळ येत चालली. त्या वाक्याशी ती चौकट तशीच मिचमिचत होती. मध्ये जागा मोकळी राहिली तर पुढच्या संदर्भांचे सगळे आकडे घसरतात, म्हणून सून म्हणाली, "आई, तात्पुरता कुठलातरी संदर्भ टाका तिथे. बसमध्ये जागेवर रुमाल टाकतात तसा. नंतर बदलू." पटलं मला. आणि मी निवडला कोणता? उशी! का, तर एखादा विद्वान टाकला असता तर तो तिथे शोभून गेला असता, आणि बदलायचा राहिला असता. उशी म्हणजे धडधडीत चूक. ती मी विसरणं शक्यच नाही. काय पण माझी खबरदारी!

आणि मी ठरवलं, वाक्य ह्यांच्याकडून पुन्हा म्हणवून घ्यायचं, ध्वनिमुद्रणासह, म्हणजे प्रश्नच मिटला. दुपारी ह्यांच्या खुर्चीच्या हातावर भ्रमणध्वनी लावून ठेवला आणि शेजारी बसले. ह्यांनी उशी माझ्याकडे सरकवली, "घे, तुझी पाठ अवघडते." पडदा फुगला… खाली बसला… हे म्हणाले, "डावी दाढ… ढगात आहे…" मी ऐकत होते, अगदी टक्क जागी… आणि माझ्यासमोर ती बगळ्यांची रांग उठली, पण ते बगळे नव्हते, माझी मुलं होती, इतक्या वर्षांची सगळी, वर्णानुक्रमाने, पाण्यावर उभी, कुणी आता टक्कल पडलेलं, कुणी अजून नाक ओढत, आणि सगळी नदीकडे पाठ करून मला विचारत होती, आवाज न करता, नुसत्या भुवया उंचावून, बाई… कशावरून?… आणि मी त्यांना सांगत होते, काहीतरी फार सोपं, फार गोड… आणि सून म्हणाली, "आई, चहा गार झाला." मी चिंतनातून बाहेर आले.

मुद्रण लावलं. सुरुवातीलाच घोरणं. आता हे घोरणं ह्यांचंच, यात शंका नाही. दुसरं कुणाचं असणार? मी पुढचं ऐकलंच नाही. वैतागून बाजूला ठेवलं. आणि मग शेवटच्या दिवसाची ती धावपळ, पानं मोजा, समास सारखे करा, छपाई, बांधणी… सूचीची कळ दाबली, बगळे उठले, बसले, प्रबंध दाखल झाला. आणि तुम्ही आतापर्यंत ओळखलंच असेल. रुमाल जागेवरच राहिला.

मौखिक परीक्षा. बाहेरचे परीक्षक आले होते, फार सावकाश बोलणारे. प्रत्येक शब्द आधी चष्म्यातून बघून घेणार आणि मग बाहेर सोडणार. मार्गदर्शिका कडेला बसलेल्या. मागे श्रोत्यांत आमची सून, आणि शेवटच्या रांगेत हे, गळ्यात ती अर्धचंद्राकृती उशी! "सभागृहातल्या खुर्च्या कडक असतात," म्हणे.

"बाई," परीक्षक म्हणाले, "तुमचं मध्यवर्ती विधान. शेवटचं वाक्य हे दार असतं. सुंदर आहे."

मी मान तुकवली.

"कशावरून?"

अहो, माझाच शब्द! जन्मात पहिल्यांदा मला कळलं, की बाकावर उभं राहून तो शब्द ऐकताना कसं वाटतं.

"नाही, तुम्ही संदर्भ दिलाय," ते म्हणाले. "वाक्याच्या डोक्यावर बारीक आकडा आहे. तो आकडा धरून मी सूचीपर्यंत गेलो." पान उलटलं. चष्मा पुसला. पुन्हा लावला. "तिथे एक… उशी आहे."

मार्गदर्शिकांच्या अंबाड्यातलं पेन खाली पडलं.

"मानेला आधार देणारी," त्यांनी वाचलं. "धुता येणारे आवरण. बाई?"

छपाईची चूक म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण मी कशावरूनबाई! मी सगळं सांगितलं. दार, दाढ, रुमाल, सगळं. ऐकून त्यांनी मागे पाहिलं. "डॉक्टर, आपण झोपला आहात का?"

"छे," डोळे न उघडता उत्तर. "डोळे मिटून बसलोय."

"हे वाक्य आपलं?"

हे सावकाश उभे राहिले. गळ्यात उशी. मी हात जोडायचेच बाकी होते, की अहो, आता तरी म्हणा, झोपेत म्हणालो! माझी सगळी मेहनत त्या एका शब्दावर टांगलेली! आणि हे माझ्याकडे बघून म्हणाले, "नाही. ते हिचं आहे."

"म्हणजे?"

"मी दुपारी झोपत नाही. झोपणार कसा? शेजारच्या खुर्चीत ही झोपेत वर्ग घेते! रोज. कधी कविता असते, कधी भूगोल. मी आजवर कुणाला बोललो नाही. म्हटलं, कळलं तर बंद करेल. अहो, मी जन्मभर लोकांच्या तोंडात हत्यारं घालून त्यांना गप्प बसवलं, आता कुणीतरी बोलतंय आणि मी तोंड मिटून ऐकतोय, बरं वाटतं. ते दाराचं एका दुपारी हीच म्हणाली. मला आवडलं, म्हणून मी घोळवून पाहिलं. 'थुंका' तेवढं माझं."

"काहीतरीच!" मी भर सभेत ओरडले. "मी झोपत नाही! मी चिंतन करते! कशावरून म्हणता तुम्ही हे?"

ह्यांनी खिशातून भ्रमणध्वनी काढला. मी बाजूला टाकलेलं ते मुद्रण! ह्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं होतं, आणि मला अक्षराने बोलले नव्हते. लावलं. घोरणं आलं. मग ह्यांची ती ढगातली दाढ आली… आणि घोरणं त्या दाढेखालून तसंच चाललेलं! म्हणजे ते ह्यांचं नव्हतं! मग ते थांबलं, आणि एक बाईमाणूस बोलू लागलं: "मागच्या बाकावर कोण बोलतंय?… असू दे, बोलू दे… शेवटचं वाक्य हे दार असतं, बाळांनो… हळू जा… कुणी खोडणार नाही… दार हळू लावा…"

सभागृह हसायचं होतं ते हसलंच नाही. माझाच आवाज. पण वर्गात तो असा कधी नव्हता हो. इतका मऊ… तो कशावरून आला, कुणावरून आला, मी मनात सगळी नावं धुंडाळली. सासूबाई नाहीत, आई नाही, मुख्याध्यापिका तर नाहीतच. चौकट रिकामी राहिली. आणि क्षणभर, एक क्षणभरच, मला वाटलं, हे माझं. हे एवढं माझं!

पण शिस्त कुठे सोडते! मीच उभी राहून म्हटलं, "हरकत आहे. हे मुद्रण नंतरचं. तोवर ते वाक्य माझ्या कानात मुरलेलं होतं. यावरून आधी कोण म्हणालं हे सिद्ध होत नाही." मार्गदर्शिकांनी डोळे मिटून घेतले. स्वतःविरुद्ध वाद घालणारी विद्यार्थिनी त्यांना पहिलीच मिळाली असेल.

परीक्षक म्हणाले, "मार्ग सोपा आहे. आपण दुपारी झोपता हे आपण मान्य करा, म्हणजे डॉक्टरांची साक्ष धरून वाक्य आपलं. नाहीतर डॉक्टरांनी मान्य करावं, म्हणजे त्यांचं."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते वाक्य, जे मी देवाकडे मागितलं होतं, ते एका शब्दाच्या अंतरावर होतं. एक 'झोपते' म्हणायचं, बस्स!

"मी चिंतनात होते," मी म्हटलं.

"मी डोळे मिटून होतो," हे म्हणाले.

"म्हणजे दोघेही जागे होते," परीक्षक सावकाश म्हणाले, "आणि वाक्य कुणीच म्हणालं नाही. मग त्या खोलीत झोपेचा भरवशाचा आधार एकच उरला." त्यांनी हात पुढे केला. ह्यांनी गळ्यातली उशी काढून दिली. परीक्षकांनी ती अंगठ्याने दाबून पाहिली. "लेखक आहे. वर्ष आहे. पत्ता आहे. आणि संदर्भ प्रत्यक्ष पडताळला." मग जरा थांबून, "मऊ आहे," म्हणाले, आणि सही केली.

मिळाली पदवी. प्रबंध ग्रंथालयात आहे. आता कुठलीशी मुलं तो वाचतात, आणि वर कोपऱ्यातलं ते चित्र दाबून सूचीतल्या नोंदी आपापल्या भांडारात उचलून नेतात म्हणे, टप्… टप्… म्हणजे आमची उशी आता कुणाकुणाच्या विद्वानांच्या मधोमध जाऊन पडली असेल, कुठल्या कुठल्या दुपारी, कुठल्या कुठल्या पडद्यांवर… बगळ्यांत एक ढग. हे मात्र रुसलेत तिच्यावर. "मी वाचकांसाठी दार उघडं ठेवलं, आणि नाव लागलं हिचं!" असं म्हणतात, आणि तीच मानेखाली घेऊन डोळे मिटून पडतात.

मला कधीकधी वाटतं, कबूल करून टाकावं. सभेत नाही, घरातच, ह्यांच्या कानाशी, की अहो, झोपते हो मी… आणि ते वाक्य माझं आहे. अगदी ओठांवर येतं. पण तेवढ्यात पडदा फुगतो, पारवे गुरगुरायला लागतात, हे म्हणतात, "घे, पाठ अवघडेल," आणि माझे डोळे मिटतात… चिंतनासाठी. आणि आता तुमच्यातलं कुणी मागच्या बाकावरून हळूच विचारणार, बाई, चिंतनच कशावरून? तर बाळांनो, मला काय विचारता? उशीला विचारा. सूचीत तिचं नाव आहे.